१,०७२ युनिट आणि आईची खोली

जूनच्या पहिल्या आठवड्यात वीजबिल आलं, त्यावर १,०७२ युनिट लिहिलेले. आदल्या वर्षी मे महिन्यात आमचा वापर होता ३१०. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे जे उभे पट्टे छापलेले असतात, त्यात मे महिन्याचा पट्टा बाकी सगळ्यांपेक्षा ताडासारखा उंच दिसत होता.

मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण घरात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. एप्रिलच्या शेवटी आईला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला होता, चोवीस तास. ते मशीन साधारण ३५० वॉटचं, म्हणजे दिवसाला ८ युनिटच्या वर. नागपूरचा मे महिना, त्यात नवतपा. आईला कूलरची दमट हवा सोसत नव्हती, श्वास आणखी कोंडायचा. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा एसी घेतला आणि तो दिवसाला वीस-वीस तास चालवला. कूलर आता फक्त माझ्या खोलीत. हिशेब केला तर दिवसाला चौतीस-पस्तीस युनिट होतातच. मी बिल मुकाट्यानं भरलं.

आईनं एक गोष्ट मात्र बजावून ठेवली होती: नळी लावलेली आहे हे कुणाला सांगायचं नाही. मामेबहिणीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. आपल्यामुळे लग्नघरात चर्चा नको, भेटायला येणाऱ्यांची रांग नको, आणि मॅक्सीत, केस विस्कटलेली, नाकात नळी अशी ती कुणाला दिसायला नको. मी शब्द दिला होता. मानेवाड्याच्या बाजूला आमचं जुनं, छोटं घर आहे आणि त्यात आम्ही दोघीच राहतो.

मृग लागून आठ दिवस झाले तरी पावसाचा पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास फाटक वाजलं. बाहेर गाडी, चार माणसं, हातात टॉर्च. वीज कंपनीचं भरारी पथक. आमच्या गल्लीत ती गाडी थांबली की आकडा टाकून वीज चोरणारा सापडला, असंच लोक समजतात. पाच मिनिटांत समोरच्या गच्चीवर डोकी दिसायला लागली.

"मॅडम, तुमचा वापर एकदम वाढला आहे. घर तपासायचं आहे."

मी विचारलं, कशासाठी? एकानं फाटकावरच्या बोर्डावर टॉर्च मारला. 'येथे पिको-फॉल करून मिळेल.' आईनं पूर्वी ते काम केलं होतं. डोळ्यांमुळे २०१६ मध्ये बंद केलं, बोर्ड मात्र गंजत तिथेच राहिला. त्यांचा तर्क सरळ होता: घरगुती दराची जोडणी, दारावर धंद्याचा बोर्ड, आणि युनिट हजाराच्या वर.

मी म्हटलं, मीटर बाहेर पोर्चमध्येच आहे, खुशाल पाहा. त्यांनी सील पाहिलं, चिमटा मीटरनं वायरीतला करंट मोजला, फोटो काढले. त्यात काही सापडलं नाही. मग त्यांना आत यायचं होतं, प्रत्येक खोलीत. आतून कॉन्सन्ट्रेटरचा घुर्र-घुर्र आवाज येत होता. एक तरुण म्हणाला, "आत मशीन तर चालू आहे ना जी." माझे पाय थरथरायला लागले. काही चुकीचं केलं नव्हतं, तरी चोर पकडल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांची सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेलेली. त्यांनी आवाज चढवला नाही. आधी ओळखपत्रं मागितली आणि ती मला वाचायला लावली. मग विचारलं, "साहेब, कोणत्या कलमाखाली आलात? चोरीचा संशय आहे का?"

"नाही, चोरी नाही. वापराचा प्रकार तपासायचा आहे."

"मग सूर्य मावळल्यावर का आलात?"

वीज कायदा २००३ चं कलम १३५ त्या रात्री मी पहिल्यांदा ऐकलं. वीजचोरीचा संशय असेल तर अधिकृत अधिकाऱ्याला झडतीचा, वेळ पडली तर दार फोडण्याचाही अधिकार ते कलम देतं. पण त्यातच अट आहे: राहत्या घराची तपासणी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात करायची असेल तर त्या घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर हवा. पथकातला एक जण लगेच म्हणाला, "हे काका आहेत ना इथे."

"मी या घरात राहत नाही," काका म्हणाले. "या घरात दोघी बायाच आहेत."

त्या अटीबद्दल मी नंतर खूप विचार केला. घरात पुरुष असेल तर रात्री दार उघडायला लागावं, आणि बाईची स्वतःची हजेरी कायद्याच्या हिशेबात पुरेशी धरली जाऊ नये, हे मला खटकतं. घरधनीण मी आहे, जोडणी माझ्या नावावर आहे. पण त्या संध्याकाळी त्याच ओळीनं आईची खोली वाचवली, हेही खरं. आणि चोरीच्या संशयातही कायदा रात्री एवढा जपून पाऊल टाकत असेल, तर नुसत्या युनिटच्या आकड्यावरून रात्री घरात शिरायचा प्रश्नच कुठे येतो?

भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. काकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, नाही म्हणू नको. आत्ता नाही, एवढंच म्हण." कलम १६३ नुसार कंपनीचा माणूस वाजवी वेळी, आधी कळवून, तिचं मीटर आणि तिची यंत्रणा पाहायला येऊ शकतो. आपल्या घराच्या आतली वायरिंग आणि उपकरणं तपासायची तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा विशेष आदेश आणि किमान २४ तासांची लेखी नोटीस लागते. पण कायदेशीर तपासणीला आपण आडवे आलो, तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनी पुरवठा तोडता येतो. आईचं मशीन विजेवर चालतं. सिलेंडर होता, पण तो पाच-सहा तास पुरणारा.

म्हणून मी कागदावर लिहून दिलं: तपासणीला माझी हरकत नाही, उद्या सकाळी १० नंतर या, घरात रुग्ण आहे, सोबत एक महिला कर्मचारी असावी ही विनंती. दोन प्रती केल्या, एकीवर त्यांच्या साहेबाची पोच घेतली. लेखी नोटीस आणि आदेश मागायचा हक्क मी सोडून दिला, हे मला कळत होतं. पण मला भांडण जिंकायचं नव्हतं. आईकडे परकी माणसं कोणत्या वेळी आणि कशी जातील, एवढं माझ्या हातात हवं होतं.

रात्री झोप लागेना. आईजवळ बसून मोबाइलवर वाचत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या होत्या. त्या वेळी खासगीपणा हा स्वतंत्र मूलभूत हक्क आहे असं न्यायालयानं मानलं नव्हतं. ते मानलं २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं. मधली पंचावन्न वर्षं डोळ्यांसमोर आली. आईचं अर्ध्याहून जास्त आयुष्य त्यात गेलं.

आमच्यासारखीच गोष्ट कॅनडातही घडलेली सापडली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घरात चोरून गांजा पिकवणारे लोक दिव्यांसाठी प्रचंड वीज वापरत आणि त्यातून आगी लागत. म्हणून २००६ मध्ये कायदा बदलला आणि जास्त वीज वापरणाऱ्या घरांची माहिती नगरपालिकांना मिळू लागली. कसोटी होती दिवसाला ९३ युनिट. सरे शहरात तपासनीस पोलिसांना सोबत घेऊन दारात जात. एका जोडप्यानं सांगितलं, विजेचा तपासनीस येऊ दे, पोलीस नको. त्यांची वीज तोडली. ते न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल दिला की वॉरंटशिवाय अशी घरात शिरून केलेली तपासणी त्यांच्या घटनेतल्या हक्काच्या विरुद्ध आहे. आगीचा धोका खरा होता, हे कुणी नाकारलं नव्हतं. तरीही दारात थांबून आधी परवानगी आणा, असं न्यायालय म्हणालं. वाचताना मला त्या जोडप्याचा आधार वाटला. आपला देश वेगळा, कायदा वेगळा, पण त्यांनी जे सांगितलं ते मला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते आले, सोबत कार्यालयातल्या एक ताई. त्या आत गेल्या, आईला नमस्कार केला, मशीनवरचे वॉट लिहून घेतले आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. त्यांचं वागणं मी विसरणार नाही. पण त्या आत असतानाच पथकातल्या एकानं उंबऱ्यावरून हात लांबवून मोबाइलवर फोटो घेतला. मी पुढे झाले तोवर क्लिक झालं होतं. "रिपोर्टसाठी लागतो जी," तो म्हणाला. आईनं पदर नसलेल्या छातीवर हात धरला. ती काही बोलली नाही, दुपारी जेवली नाही.

स्थळ तपासणी अहवालात त्यांनी एसी, फ्रीज, कूलर, पंप, 'मशीन १', 'शिलाई मशीन १' आणि बोर्ड असं लिहिलं. शिलाई मशीन, कोणत्या घरात नसते? सही करण्याआधी मी तिथेच हातानं शेरा लिहिला: 'पिको-फॉलचं काम २०१६ पासून बंद. मशीन १ म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, डॉक्टरांचं पत्र पथकाला दाखवलं.' मग सही केली, प्रत घेतली. कोऱ्या किंवा अर्धवट अहवालावर सही करायची नाही, हे काकांनी दहा वेळा सांगितलं होतं.

तरी बारा दिवसांनी तात्पुरत्या आकारणीचा आदेश आलाच. कलम १२६, घरगुती जोडणीवर व्यावसायिक वापर, मागचे १२ महिने, दुप्पट दर. रक्कम ८० हजारांच्या पुढे. कागद हातात घेऊन मी पायरीवर बसले.

पुढचं थोडक्यात सांगते. आकारणी मान्य असेल तर सात दिवसांत रक्कम भरता येते, मान्य नसेल तर लेखी हरकत घेऊन सुनावणी मागायची. अंतिम आदेश तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवा. ग्राहक तक्रार निवारण मंच १२६ ची प्रकरणं ऐकत नाही, तिथे जाऊन मी एक सकाळ वाया घालवली. अंतिम आदेशावर कलम १२७ खाली अपील करता येतं, पण त्यासाठी ३० दिवसांची मुदत आणि अर्धी रक्कम आधी भरायची. ४० हजार माझ्याकडे नव्हते. म्हणजे सुनावणीतच निभावायला हवं होतं.

मी बारा महिन्यांची बिलं एकाखाली एक लावली. डिसेंबरात १०४ युनिट, जानेवारीत ९८. घरात धंदा चालू असता तर लग्नसराईत, हिवाळ्यातही युनिट वाढले असते. वाढले फक्त मशीन आल्यापासून, आणि मशीनच्या भाड्याची पहिली पावती २८ एप्रिलची. अहवालावरचा माझा शेरा मी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

मग त्यांनी आईचे सगळे कागद मागितले. इथे मी अडले. डिस्चार्ज कार्डावर आईच्या शरीराबद्दल पाच पानं आहेत, ती विजेच्या फाइलमध्ये कशाला राहायला हवीत? मी विनंती केली: मूळ कागद पाहा, नोंद करा, प्रत ठेवू नका. डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र आणि भाड्याची पावती फाइलला लावा. साहेब क्षणभर थांबले, म्हणाले, "ठीक आहे, तेवढं पुरेल." अठरा दिवसांनी अंतिम आदेश आला. आकारणी रद्द. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'वाढीव वापर वैद्यकीय उपकरणामुळे'. आजाराचं नाव नव्हतं. मी आईला ते वाचून दाखवलं.

तो फोटो मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: माझ्या अहवालासोबत किती छायाचित्रं जोडली आहेत, त्यांच्या प्रती द्या. ३० दिवस पुरे व्हायच्या आत उत्तर आलं. सात फोटो. मीटर, सील, बोर्ड, एसी, शिलाई मशीन, पोर्च. सातव्यात कॉन्सन्ट्रेटर, त्याची नळी आणि नळीच्या टोकाशी आई, अर्धी.

तो फोटो फाइलमधून आणि त्या माणसाच्या मोबाइलमधून काढावा, काढल्याचं लेखी कळवावं, असा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. फोनवर दोनदा "काढतो मॅडम" असं उत्तर मिळालं, लेखी काही नाही. गेल्या सोमवारी स्मरणपत्र देऊन पोच घेतली. आई आता दिवसा चार-पाच तास मशीनशिवाय बसते. संध्याकाळी फाटक वाजलं की अजून पदर सावरते आणि विचारते, कोण आहे गं, आत तर नाही ना येणार.