ऑर्वोच्या रोलने नाक कापलं

मागच्या वेळी तोऱ्यात लिहिलं होतं ना, बाबांच्या निगेटिव्ह ४५ वर्षं टिकल्या आणि माझी २००६ ची डीव्हीडी उघडत पण नाही, म्हणजे फिल्म जिंकली. ते शब्द गिळतोय. रविवारी गिरगावच्या खोलीतून आणलेला शेवेचा डबा उघडला आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की आई आतून ओरडली, लोणचं सांडलं का रे. आत ऑर्वो या जर्मन कंपनीच्या एनपी २२ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे तीन रोल. बाबांनी दमट हवा लागू नये म्हणून झाकणाला टेप मारली होती आणि तिथेच घात झाला, फिल्मच्या ॲसिटेट बेसमधून, म्हणजे खालच्या प्लास्टिकच्या थरातून, सुटलेलं ॲसिड आतच कोंडलं आणि तेच पुढची सड वाढवत बसलं. भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या ए-डी स्ट्रिप, म्हणजे ॲसिड लागलं की रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या, टाकल्या, दुसऱ्या दिवशी निळ्याच्या हिरव्या, एकीवर तर पिवळट झाक, म्हणजे लेव्हल दीड ओलांडली, जिथून पुढे सड वेगाने वाढते. चांगले रोल लगेच दुसऱ्या कपाटात हलवले.

पण खरी डोकेदुखी स्कॅनिंग. बेस आकसलाय, पण वरचा चित्राचा जिलेटिनचा थर, म्हणजे इमल्शन, नाही, त्यामुळे पट्टी बेसच्या बाजूला पन्हळासारखी वळलीये, होल्डरमध्ये लावली की मध्ये शार्प आणि कडा गायब, कॅमेऱ्याच्या लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक केलं तरी तेच. दोन काचांमध्ये दाबली तर न्यूटन रिंग्ज, म्हणजे गुळगुळीत बेस काचेला टेकल्यावर उमटणारी वर्तुळं, आकाशात रांगोळी काढल्यासारख्या. फोर्टातल्या एका दुकानदाराने अँटी-न्यूटन म्हणून जी काच गळ्यात मारली ती सरळ फोटोफ्रेमची नॉनग्लेअर निघाली, ग्रेनचा पार चिखल. चार संध्याकाळी गेल्या त्यात.

मग उलटं केलं. साधी काच लेन्सच्या बाजूला, तिला इमल्शन चिकटवलं, इमल्शन मॅट असतं म्हणून रिंग्ज येतच नाहीत, आणि बेसच्या बाजूला काचच नाही, नुसती काळ्या माउंट बोर्डची चौकट, ती कडा काचेवर दाबते. बस्स, सपाट! फोटो उलटा येतो एवढंच, दुकानाची पाटी आरशातल्यासारखी दिसल्यावर मला कळलं, तो नंतर फ्लिप मारायचा. फ्रेम १७ मध्ये आजी मोदकांचं ताट घेऊन उभी आहे आणि मागे भिंतीवर कालनिर्णयचं १९८१ चक्क वाचता येतंय. दहा मिनिटं नुसतं झूम करून बघत बसलो.

बुरशीचे डाग मात्र हातानेच काढतोय, ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदी इन्फ्रारेड अडवते म्हणून आयसीई, म्हणजे स्कॅनरची इन्फ्रारेडने डाग ओळखून पुसायची सोय, इथे बिनकामाची. फिल्म पाण्याने धुवू नका कोणी, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात सुटतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलंय, तेही कडेला टेस्ट करूनच.

आता ओरिजिनल डबल झिपलॉक करून फ्रीझरमध्ये टाकणार होतो, पण सुरमईच्या शेजारी ही आंबट रिळं नकोत असं फर्मान सुटलंय. फाइल्स तीन ठिकाणी, एक डिस्क ताईकडे पुण्याला, प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे फाइल बिघडली तर कळावं म्हणून काढलेला आकडा.

आणि हे टाइप करतानाच सुचलं, हॉलीवूडवाले पिक्चर जपायला रंग वेगळे करून पॉलिस्टर बेसच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर उतरवतात, मग आपण निवडक वीस फ्रेम मॉनिटरवरून परत फिल्मवर का नाही घ्यायच्या? रोलाय रेट्रो ८०एस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॉलिस्टरवर येते, व्हिनेगरची भानगडच नाही. म्हणजे फ्रीझरचं राहू दे, आधी हे. कोणाकडे एखादा रोल पडलाय का? एक्स्पायर्ड चालेल, दादरला येऊन घेऊन जाईन.