थंडीतली भिंगरी आणि मोरीखालचं घरटं

ऑगस्ट सरता सरता विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या (इंग्रजीत बार्न स्वॅलो) हे छोटे पाहुणे पक्षी दिसू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांची रांगच लागते आणि मग हमखास विचारलं जातं: रस्त्याच्या मोरीखाली मातीचं घरटं आहे, ते यांचंच ना? तर नाही. माळभिंगरी महाराष्ट्रात खायला आणि पिसं बदलायला येते, घर करायला नाही. तिची घरटी काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतच्या हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे उत्तर आशियात असतात. नेपाळच्या बाजारपेठांत ती थेट दुकानात, दिव्याच्या वायरीशेजारी घरटं करते. तिथले दुकानदार ते शुभ मानतात आणि मालावर घाण पडू नये म्हणून खाली फळी ठोकून देतात. आपल्याकडची मातीची घरटी मात्र तिच्या भाऊबंदांची.

हा फरक नुसत्या माहितीपुरता नाही. पुलाची डागडुजी, घराचा रंग, पडवीची साफसफाई कधी काढायची हे त्यावर ठरतं. "पाहुणे पक्षी एप्रिलमध्ये गेले, आता घरटी पाडायला हरकत नाही" असं समजून मे महिन्यात खराटा हाती घेतला, तर नेमकी अंडी-पिल्लं असलेली घरटी पडतात.

आधी पाहुण्यांचं पाहू. माळभिंगरीचं वजन जेमतेम २० ग्रॅम. पाठ चकचकीत निळी-काळी, कपाळ आणि गळा विटकरी, गळ्याखाली गडद पट्टा, पोट मळकट पांढरं. शेपटीची बाहेरची दोन पिसं लांब असतात, पण नोव्हेंबर-डिसेंबरात ती शोधू नका. उडण्याची पिसं ती इथल्या मुक्कामातच एकेक करून बदलते, त्यामुळे ऐन थंडीत पंखात फटी आणि शेपूट आखूड दिसतं. त्या वर्षीच्या पिल्लांना तर लांब पिसं नसतातच आणि गळाही फिका असतो. याच दिवसांत ओळखण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. मार्चमध्ये तोच पक्षी बघा, नवी लांब पिसं घेऊन निघायच्या तयारीत असतो. एप्रिलअखेर बहुतेक गेलेल्या असतात, मेमध्ये एखाददुसरी रेंगाळते.

प्रवास दिवसा आणि खात खात. पाण्यावरून, माळावरून खालून उडत माश्या, पंखवाल्या मुंग्या टिपत पुढे सरकायचं आणि रात्री लव्हाळ्यात, पाणकणसात किंवा उभ्या उसात हजारोंनी एकत्र झोपायचं. त्यामुळे भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी किंवा नांदूर मध्यमेश्वर अशा जागी त्या पाहायच्या तर दुपार सोडा, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोहोचा. ऊसतोड सुरू झाली की झोपायचा फड जातो आणि थवा दुसरीकडे हलतो. काल होत्या, आज एकही नाही, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, लगेच प्रदूषणाच्या नावाने बोटं मोडू नयेत.

या इवल्या पक्ष्याची झेप किती, याचा पहिला ठोस पुरावा युरोपातून आला. मे १९११ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात पायात ओळखीसाठी वाळा घातलेली माळभिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात सापडली. आपल्याकडे येणाऱ्या मात्र उत्तर दिशेकडच्या.

आता घरवाले. पक्षी डोळ्यांपुढून सुर्रकन जातो, घरटं मात्र जागेवर असतं, म्हणून ओळख घरट्यापासूनच सुरू करावी.

पाण्यावरच्या पुलाखाली किंवा मोरीत, उभ्या भिंतीला चिकटलेली, वरून उघडी अर्धी वाटी आणि आसपास एकच जोडी दिसत असेल तर ती तारवाली भिंगरी. डोक्यावर तांबूस टोपी, खालचा सगळा भाग पांढराशुभ्र, शेपटीला दोन बारीक तारा, नराच्या जास्त लांब. ती पाण्यापासून फारशी लांब जात नाही आणि आपल्या मोरीत दुसरी जोडी सहसा खपवून घेत नाही. वीण वर्षात कधीही होऊ शकते, पण जोर मार्च ते सप्टेंबर.

छताला चिकटलेलं, पोट फुगीर आणि बोळकांडीसारखं तोंड असलेलं, जणू सुरई उभी चिरून वर उलटी चिकटवली आहे असं घरटं असेल तर ते लाल पुठ्ठ्याच्या भिंगरीचं. लेणी, जुनी देवळं, किल्ल्यांचे दरवाजे, आता काँक्रीटच्या पडव्याही. काळ एप्रिल ते ऑगस्ट. तशीच तोंडं असलेली पण एकमेकांना खेटून पोळ्यासारखी पसरलेली घरटी धरणाच्या भिंतीवर किंवा मोठ्या पुलाखाली दिसली तर ती रेघाळ गळ्याच्या छोट्या भिंगरीची वसाहत समजावी. कड्यावर, गडाच्या तटाला धुरकट तपकिरी पक्षी आणि उथळ वाटी असेल तर ती कड्यावरची पाकोळी, नावाने पाकोळी पण कुळाने भिंगरीच. लाल पुठ्ठ्याची आपली भिंगरी आणि ही कड्यावरची पाकोळी, दोघींना शास्त्रीय नावं कर्नल सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवरून दिली. आणि पिसं-काड्या लाळेने चिकटवलेला, मातीचा अंशही नसलेला गबाळा गठ्ठा असेल तर तो भिंगरीचा नव्हेच, पांढऱ्या कमरेच्या छोट्या पाकोळीचा. ती तारेवर बसूच शकत नाही. तारेवर बसलेली दिसली की या छोट्या पाकोळीचं नाव खोडा.

बांधकामाची तऱ्हा सगळ्या भिंगऱ्यांची साधारण सारखी. डबक्याच्या काठावर उतरायचं, पंख वर धरून चोचीत मातीची गोळी घ्यायची, नेऊन दाबायची. माळभिंगरीच्या एका वाटीला हजाराच्या आसपास गोळ्या लागतात, म्हणजे तेवढ्याच खेपा. काम मुख्यतः सकाळी चालतं. दोन-तीन ओळी लावल्या की थांबायचं, कारण खालची ओल सुकायच्या आत वर भार आला तर सगळं सुटतं. चालू घरट्याची कड जवळून पाहिली तर वरची ओळ काळपट ओली आणि खालची राखाडी सुकी दिसते. शेवटी आत पिसं, मऊ गवत.

पडतं कुठे, तर बहुतेक वेळा माती आणि भिंत यांच्या जोडावर. वाळूमिश्रित माती धरत नाही. काळी माती सुकताना आकसते आणि भेगाळते. सगळ्यात चांगला नदीकाठचा बारीक गाळ, पण एप्रिल-मेमध्ये नेमका तोच मिळत नाही. भिंतीला ऑइलपेंट किंवा गुळगुळीत पुट्टी असली तर घरटं अर्ध्यावर आलं की वजनाने सोलून पडतं, आणि जोडी पुन्हा तिथेच लावत बसते. पत्र्याखालच्या घरट्यात उन्हाने पिल्लं होरपळतात आणि पिसं पुरती यायच्या आत बाहेर उड्या टाकतात. मोरीतल्या घरट्याला पहिल्या पुराची भीती. लाल पुठ्ठ्याच्या भिंगरीचं दुखणं निराळं, सुरई तयार झाली की चिमणी किंवा छोटी पाकोळी घुसते आणि बांधणारी बाहेर.

मदत करायची असेल तर उन्हाळ्यात घमेल्यात दोन-तीन इंच गाळाची माती घ्या आणि रोज पहाटे भिजवा. ते उघड्यावर ठेवा, झुडपाजवळ नको, मांजर दबा धरतं. गुळगुळीत भिंतीवर वीतभर पट्ट्यात सिमेंटचा खरबरीत गिलावा मारा किंवा चार इंच रुंदीची रंधा न मारलेली फळी ठोका. फळी आणि छत यांच्यात पक्षी ये-जा करेल एवढीच जागा ठेवा, जास्त सोडली तर कावळा उभा राहतो. विष्ठेसाठीची फळी घरट्यापासून चांगली दोन-तीन हात खाली. अगदी खाली चिकटून लावलेली फळी म्हणजे मांजराला पायरी.

घरटंच पडलं आणि पिल्लं जिवंत असतील तर नारळाची मोठी करवंटी किंवा छोटी परडी घ्या, तळाला पाणी जायला भोक पाडा, सुकं गवत घाला आणि त्याच जागी पक्कं बांधून पिल्लं ठेवा. मग लांब व्हा. माणूस खाली उभा असेपर्यंत आई-बाप येत नाहीत. दूध, भात, पाव काहीही भरवू नका, चोचीत पाणी तर अजिबात सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं.

रंग-दुरुस्तीला सर्वसाधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पण वसाहतीच्या पुलाला हा नियम लावू नका, रेघाळ गळ्याच्या भिंगऱ्या काही भागांत डिसेंबरपासूनच अंड्यांवर असतात. काम काढण्याआधी तिथे तासभर थांबून पाहावं. कडेला ओली माती, खाली ताजी पांढरी विष्ठा किंवा सारखी ये-जा, यातलं एकही दिसलं तर पुढचा दीड महिना तिथे हात लावायचा नाही. साधारण दोन ते अडीच आठवडे उबवण आणि तीनेक आठवडे पिल्लं, असा तो हिशेब. उडायला लागलेली पिल्लंही काही दिवस रात्री घरट्यातच परततात, त्यामुळे दिवसा रिकामं दिसलं म्हणून लगेच घाई नको. आणि जुनी सुकी वाटी शाबूत असेल तर रंग तिच्या भोवतीने मारा. पुढच्या हंगामात जोडी तिलाच नवी कड लावते आणि निम्म्याहून जास्त खेपा वाचतात.