ट्रक कुठे तुटावा, हे आधी ठरवा

अमेरिकेतल्या डॅलसच्या उत्तरेला मॅकिनी हे शहर आहे. रिमोटवर चालणारे (आरसी) ट्रक बनवणाऱ्या ट्रॅक्ससचं मुख्यालय तिथलंच. या भागात आरसी ट्रकचा एखादा शाफ्ट दुपारी तुटला, तर बहुतेक वेळा संध्याकाळी हॉबी शॉपमधून नवा आणून बसवता येतो. त्यामुळे इथली मंडळी बिनधास्त मोठी मोटर टाकतात, आणि तेच सल्ले व्हिडिओंमधून घोडबंदर रोड आणि खारघरपर्यंत पोचतात. तुमच्याकडे तोच शाफ्ट मागवला की वाट बघत बसावं लागतं. म्हणून ट्रॅक्ससच्या स्लॅशसारख्या 1/10 (खऱ्याच्या एक दशांश आकाराच्या) ट्रकसाठी मी क्रम उलटा सांगेन. मोटर सगळ्यात शेवटी.

मोटरची ताकद पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर), स्लिपर (जास्त झटका आला की घसरणारा क्लच), गिअरबॉक्स, डिफ (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), शाफ्ट असा प्रवास करत चाकापर्यंत जाते. यातला एक भाग पोलादी केला की धक्का पुढच्या कच्च्या भागावर जाऊन बसतो. टू-व्हील स्लॅशचे प्लॅस्टिकचे सरकते शाफ्ट ताकदवान ब्रशलेस मोटर आणि 3एस (तीन सेलच्या) बॅटरीवर पिळवटतात, हे खरं. पण त्यांच्या जागी पोलादी सीव्ही (सांध्याचे) शाफ्ट लावले की मार डिफच्या दात्यांना बसतो, आणि डिफपर्यंत पोचायला सगळा मागचा भाग सोडवावा लागतो. शाफ्ट पोलादी करा, पण स्पर प्लॅस्टिकचाच राहू द्या, म्हणजे तुटलाच तर तोच तुटेल. तो स्वस्त असतो, काही मिनिटांत बदलता येतो, आणि दोन जादा स्पर खोक्यात सहज मावतात.

डिफ वाचवायचं खरं काम स्लिपर करतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. त्याचा नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा, मग साधारण अर्धा फेरा सैल करा. चांगली पकड असलेल्या जमिनीवर एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या फूट-दोन फुटांत स्लिपर किंचित घसरल्याचा आवाज यायला हवा. आवाजच नसेल, तर उडीवरून उतरताना फिरत्या चाकांचा झटका थेट गिअरना बसतोय. आवाज थांबतच नसेल, तर पॅड जळून स्पर वितळेल.

स्पर सोलला जाण्यामागे बहुतेकदा मेशच, म्हणजे दोन गिअरच्या दात्यांमधलं अंतर, चुकलेला असतो. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परमध्ये घालून दाबा, मोटरचे स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. तिच्यावर घड्या दिसाव्यात, ती फाटलेली नसावी. नंतर स्पर पूर्ण फेरा फिरवून सगळीकडे तेवढाच खेळ आहे ना, ते बघा. मोटरच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. प्लॅस्टिकला मात्र ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. गिअरवरचं झाकण कधीच काढून ठेवू नका. खारघर-उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवरचा मुरूम आणि बारीक खडी थेट तिथे शिरते.

आता गिअरिंग. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले आतला रेशो. टू-व्हील स्लॅशचा आतला रेशो 2.72. म्हणजे 86 चा स्पर आणि 19 चा पिनियन असेल तर 12.3, आणि पिनियन 16 केला तर 14.6. वेग कमी होतो, पण मोटर थंड राहते. 3500 केव्हीची (दर व्होल्टला 3500 फेरे फिरणारी) मोटर 2एसवर, म्हणजे 7.4 व्होल्टवर, बिनभाराने 25,900 आरपीएम फिरते आणि 3एसवर 38,850. बॅटरी वाढवलीत तर पिनियन लहान करायलाच हवा. ठाण्यातल्या मे महिन्यात पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान मोजा. 80 अंशांच्या वर गेलं की पिनियनचे दोन दाते कमी करा.

मधलं डिफ असलेल्या 1/8 ट्रकमध्ये थ्रॉटल दिल्यावर पुढची चाकं फुग्यासारखी फुगत असतील, तर मधलं तेल पातळ आहे. 50 हजार ते 1 लाख सीएसटीचं (हे तेलाच्या घट्टपणाचं माप) घाला. मागच्या डिफमध्ये मात्र तसं घट्ट तेल नको, सैल मुरुमावर शेपूट फिरतं.

हाताळणी सुधारायची तर ॲल्युमिनियमच्या चकचकीत आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचा) मोह टाळा. आपटल्यावर ते वाकतात, नाहीतर धक्का बल्कहेडला, म्हणजे आर्म जिथे बसतात त्या भागाला, देतात. चांगल्या नायलॉनचे आर्म लवचिक असतात, धक्का सोसून पुन्हा सरळ होतात. शॉकमध्ये (धक्के झेलणाऱ्या नळीत) उन्हाळ्यात 40 वेटच्या (हेही घट्टपणाचंच माप) आसपासचं सिलिकॉन तेल घाला, कारण उष्णतेने ते पातळ होतं. पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे संपल्यावरच टोपी लावा. बॅटरीसकट ट्रक फूटभर उंचीवरून सोडा. चासी जमिनीला जोरात आपटली तर तेल घट्ट करा. शांत उभ्या ट्रकचे मागचे शाफ्ट जवळजवळ आडवे दिसायला हवेत. स्लॅश मुळातच उंच आहे. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर चिकट टायर लावले की वळणावर उलटतोच. तिथे थोडे झिजलेले टायर बरे.

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे आणि ठाणे खाडीचा फ्लेमिंगो पट्टा संरक्षित आहे. दोन्हीकडे ट्रक नेऊ नका. खाडीकाठचा चिखल खारट असतो, त्याने पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. पावसात चालवलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, टायरमधला फोम पिळून वाळवा, चाकं काढून बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर बदला. हबमध्ये 5×11×4 मिलिमीटरची बसतात, आणि मागवताना रबर सीलची मागवा. धातूच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये कोकणातल्या पावसाचं पाणी सहज शिरतं.