२२ केव्ही चार्जिंग आणि आठ दिवस अडवणारे १८० मेगाओहम

आमच्या कारखान्याच्या २२ केव्ही सबस्टेशनचं चार्जिंग, म्हणजे पहिल्यांदा वीज देणं, जुलैत आठ दिवस रखडलं. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, तेल चांगलं होतं. अडवलं ते टेस्ट रिपोर्टमधल्या एका आकड्यानं. टेस्टिंग एजन्सीच्या माणसांनी त्या दिवशी अर्धा तास जास्त दिला असता तर हे झालंच नसतं. तो राग अजून आहे, म्हणून हे तपशिलात लिहितोय.

ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, २२ केव्ही/४३३ व्होल्ट, वाइंडिंगची जोडणी डीवायएन ११. अर्थ पिट, केबल, व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) या सगळ्याचं टेस्टिंग दोन दिवसांत उरकलं होतं. शेवटी ट्रान्सफॉर्मरचं मेगरिंग, म्हणजे मेगर या मीटरनं इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणं. ५ केव्हीच्या मेगरनं एचटी (२२ केव्हीची बाजू; ४३३ व्होल्टची ती एलटी) ते बॉडी १८० मेगाओहम आले. एजन्सीनं तेवढाच आकडा लिहिला, शेरा मारला ‘ऑइल फिल्टरेशन करावे’, आणि गाडी काढली. रिपोर्टवर तेलाचं तापमान नाही, किती सेकंदांचं रीडिंग ते नाही. चार्जिंगच्या परवानगीची फाईल विद्युत निरीक्षकांकडून त्रुटी लावून परत आली आणि ती त्रुटी रास्तच होती. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्म्यावर येतो. मग तापमानाशिवायच्या आकड्याची कारखान्यातल्या टेस्ट रिपोर्टशी तुलना करायची तरी कशी?

फिल्टरेशन मशिनचं भाडं ठरवण्याआधी आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, तेलाचा बीडीव्ही, म्हणजे किती व्होल्टेजला तेल फुटतं ते. नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यायचा, कारण पाणी तळाशी बसतं. आधी थोडं तेल सोडून द्यायचं, बाटली त्याच तेलानं विसळायची, मगच भरायची. २.५ मिमी गॅप, सहा रीडिंगची सरासरी. आमची ६२ केव्ही आली. एवढ्यावरून तेलात ओल अजिबात नाही असं म्हणता येत नाही, पण १८० मेगाओहमचा दोष आधी दुसरीकडे शोधावा इतकं नक्की कळतं.

दुसरी गोष्ट, मेगर पूर्ण दहा मिनिटं चालू ठेवला. एका मिनिटाला १८०, दहाव्या मिनिटाला १८५. इथेच उत्तर होतं. चांगल्या इन्सुलेशनमध्ये शोषणाचा करंट हळूहळू कमी होतो आणि रीडिंग चढत जातं. आकडा जागचा हलत नसेल तर करंट बहुधा पृष्ठभागावरून सरकतोय. बुशिंगवरून (टर्मिनल टाकीबाहेर आणणारा पोर्सेलिनचा इन्सुलेटर) बोट फिरवलं तर बोटाला राखाडी चिकट थर लागला. शेजारी प्लास्टरचं काम चालू होतं. सिमेंटची धूळ, त्यावर पावसाची दमट हवा. टेस्ट घेतली होती संध्याकाळी सहाला, पाऊस थांबल्या थांबल्या.

उपाय साधा आहे. एचटी, एलटी आणि न्यूट्रलची बुशिंगं स्पिरिटनं आणि धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडानं पुसली, बुशिंगच्या शेडच्या (छत्रीसारख्या कडांच्या) खालच्या बाजूसुद्धा; तिथली घाण नेहमी राहून जाते. मग तिन्ही एचटी बुशिंगच्या पोर्सेलिनवर मध्यावर उघड्या तांब्याच्या वायरीचे दोन-तीन वेढे घट्ट मारले, ते एकमेकांना जोडून मेगरच्या गार्ड टर्मिनलला दिले. पृष्ठभागावरची गळती मीटरला वळसा घालून गार्डमधून जाते आणि मीटर फक्त आतलं इन्सुलेशन मोजतो. तिन्ही एचटी टर्मिनल शॉर्ट करून लाइनला, एलटी न्यूट्रलसकट शॉर्ट करून टाकीला, टाकी मेगरच्या अर्थला. दुपारी दीडला, तेल २८ अंशांवर असताना, एका मिनिटाला २४०० आणि दहाव्या मिनिटाला ३६०० मेगाओहम. फिल्टरेशनची गरजच नव्हती. एजन्सीचा माणूस पुन्हा येऊन हेच रीडिंग घेऊन सही करेपर्यंत मात्र आठवडा गेला.

म्हणून एजन्सी साइटवर असतानाच रिपोर्ट वाचा. मेगरचं व्होल्टेज, १५ सेकंद, १ मिनिट आणि १० मिनिटांची रीडिंग, तेलाचं तापमान, मेगरचा नंबर आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, हे नसेल तर गेट पास देऊ नका. एचटीसाठी ‘इन्फिनिटी’ लिहिलेला रिपोर्टही परत करा.

हे आधी यायला हवं होतं: मेगरिंगआधी एलए (लाइटनिंग अरेस्टर) आणि केबल सोडवा, आणि एलटी ते अर्थ मोजताना न्यूट्रलची अर्थ पट्टी काढा, नाहीतर शून्य येईल आणि उगाच घबराट उडेल. पट्टी परत लावल्याची सही वेगळी घ्या. दहा मिनिटांच्या टेस्टनंतर वाइंडिंगमध्ये चार्ज उरतो. डिस्चार्ज रॉड लावून टर्मिनल निदान तेवढाच वेळ अर्थला ठेवा. नुसता ठिणगीपुरता स्पर्श पुरत नाही, काढल्यावर व्होल्टेज परत चढतं.

केबलबद्दल एकच. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला डीसी हायपॉट, म्हणजे डीसीची हाय व्होल्टेज टेस्ट, लावू देऊ नका, इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून राहतो आणि पुढे तिथेच केबल फुटू शकते. ०.१ हर्ट्झचा व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा एसी) टेस्ट सेट मागवा, १२.७/२२ केव्ही केबलला १२.७ च्या तिप्पट म्हणजे ३८ केव्ही, १५ मिनिटं.

सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) न वापरलेला कोअर शॉर्ट केलेलाच हवा. रिलेला करंट इंजेक्ट करून ब्रेकर खरोखर पडतो का ते पाहा, तेही पॉवर पॅकच्या (ब्रेकर पाडायला डीसी देणाऱ्या संचाच्या) बॅटरीवर, चार्जर बंद ठेवून.

परवानगी हातात आल्यावर बुशिंग आणि बुखोल्झ रिलेमधली (आतल्या दोषाचा गॅस पकडणारा रिले) हवा पुन्हा काढली, ब्रीदरची (आत जाणारी हवा कोरडी करणारा डबा) वाहतुकीची सील काढल्याची खात्री केली, टाकीवर राहिलेला पाना उचलला. एलटी ब्रेकर उघडा ठेवून व्हीसीबी चालू केला. फुल लोड करंट २६ अँपिअर, पण पहिल्या क्षणाचा इनरश त्याच्या आठ-दहा पट जाऊ शकतो. रिलेचं इन्स्टंटेनियस (तत्काळ ट्रिपचं) सेटिंग त्याच्या वर नसेल तर ब्रेकर लगेच पडतो आणि फॉल्ट शोधत दिवस जातो. आमचा पडला नाही. आवाज एकसारखा होता. चोवीस तास नो लोड ठेवला, एलटीला फेज सिक्वेन्स (तीन फेजचा क्रम) तपासला, आणि मग पहिला फीडर दिला.