हुमणीला पत्ता कोण सांगतं?

उसाच्या पट्ट्यात हुमणीचं, म्हणजे भुंगेऱ्याच्या मुळं खाणाऱ्या अळीचं, नाव काढलं की माणूस आधी एक शिवी हासडतो आणि मग पुढचं बोलतो, आणि त्याचं काही चुकत नाही. चांगला हिरवागार ऊस बघता बघता पिवळा पडतो, वाळतो, आणि हात लावून ओढलं की अख्खं बेट अलगद वर येतं कारण खाली धरून ठेवायला मुळंच उरलेली नसतात. तिथली माती जरा उकरली की सापडते ती, पांढरट, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी सारखी वाकडी होऊन पडलेली, जसं काय आपण त्या गावचेच नाही.

पण मला कुतूहल वेगळंच आहे. भुंगेऱ्यांचं ठीक आहे हो, वळीव पडला की संध्याकाळी जमिनीतून निघायचं, कडुनिंब नाहीतर बाभळीवर जमायचं, पाला खायचा, लग्नं उरकायची आणि उजाडायच्या आत परत मातीत. अळीचं काय? डोळे म्हणावे असे नाहीतच, भोवती मिट्ट काळोख, वीतभर सरकायचं तर माती फोडत जायचं, मग मूळ कुठंय हे हिला सांगतं कोण?

तर मूळच सांगतं, श्वास सोडून. मुळं सतत कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि वर हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असला तरी मातीतल्या हवेत त्याच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त असतो. मुळं खाणाऱ्या बऱ्याच अळ्या तो जिकडं वाढत जाईल तिकडं सरकतात. बिचारं मूळ श्वास तरी किती वेळ रोखणार! पण घोळ असा की हाच वायू कुजणारं शेणखत पण सोडतं, जिवाणू पण सोडतात, शेजारचं तण पण सोडतं, म्हणजे हे आपल्या मॅपसारखं झालं, गल्लीपर्यंत आणून सोडतो आणि घर कुठलं ते टपरीवरच विचारावं लागतं.

ही टपरीवरची चौकशी सगळ्यात बारकाईनं अभ्यासलीय ती अमेरिकेतल्या मक्यावरच्या रूटवर्म नावाच्या भुंग्यावर. त्याची नुकती जन्मलेली अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी, मका आणि थोडी गवतं सोडली तर तिला दुसरं काही चालत नाही, त्यामुळं लवकर मूळ नाही मिळालं तर संपलीच. मुळापाशी पोचली की ती चव बघते, त्यातली साखर वगैरे पटली की ‘हाच मका’. आणि मला जाम आवडलेली गोष्ट म्हणजे अशी चव घेतलेली अळी मुळावरून उचलून बाजूला ठेवली तर ती लांब जातच नाही, तिथल्या तिथं गोल गोल घिरट्या घालत बसते, आत्ता तर इथं होतं! मक्याची चवच न बघितलेली मात्र सरळ चालत सुटते.

आता गंमत पुढं आहे. अळीनं मूळ कुरतडलं की त्या जखमेतून कॅरिओफिलीन नावाचा वास सुटतो, आपल्या लवंगेत आणि काळ्या मिरीत असतो तोच, आणि त्या वासावर कोण येतं तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे जंत. हे डोळ्यांना धड दिसणार पण नाहीत एवढे बारीक, पण अळीच्या अंगात शिरतात, स्वतःच्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात आणि दोनेक दिवसांत अळीचा कारभार आटोपतो. म्हणजे जी वासावरून पत्ता काढत आली तिचा पण पत्ता वासावरूनच फुटला, तो पण तिच्याच खादाडपणामुळं! हे २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, आणि सोबत हेही कळलं की अमेरिकेतल्या मक्याच्या बहुतेक वाणांच्या मुळांना हा वास सोडताच येत नाही. पीक सुधारत नेताना हे कधी निसटलं कुणाच्या लक्षातही आलं नसणार, कारण कणसं मोजणारा माणूस मुळाचा वास कशाला घेत बसेल.

मग २००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी अशाच एका मुक्या मक्यात ओरेगॅनोचा जीन घातला, हो तोच पिझ्झावर भुरभुरतात तो, आणि शेतात सूत्रकृमी सोडून बघितलं. मुळांचं नुकसान बरंच कमी झालं आणि जमिनीतून बाहेर पडणारे भुंगे ६० टक्क्यांनी घटले.