अपशिंगे मिलिटरी: पलटणीची ट्रंक कशी वाचावी

सातारा एसटी स्टँडवर गाडी विचारताना 'अपशिंगे मिलिटरी' असं पूर्ण नाव घ्यावं. नावाशी मिळतीजुळती गावं इतरत्रही आहेत आणि कागदोपत्री हे गाव 'अपशिंगे (मि.)' असंच लिहिलं जातं. साताऱ्यापासून अंतर सुमारे १८ किलोमीटर. कराडच्या दिशेनं महामार्ग धरून नागठाण्याच्या पट्ट्यात यायचं आणि तिथून आत वळायचं. स्वतःची गाडी असेल तर सकाळचं काम आहे. एसटीनं येणाऱ्यांनी परतीची वेळ चालक-वाहकाला उतरतानाच विचारून ठेवावी.

इथे धबधबा नाही, गड नाही. ऊस, आलं, ज्वारी, कौलारू घरं आणि त्यांच्या शेजारी उठलेले स्लॅबचे बंगले, म्हणजे साताऱ्यातलं कुठलंही गाव. फरक ओसरीवर बसल्यावर कळतो. पाहुणा आला की चहा येतो आणि भिंतीवरच्या फोटोत कुणीतरी टोपीला कलगी लावून उभा असतो. जवान मंडळी भेटायची असतील तर मे महिना, दिवाळी किंवा जत्रेचे दिवस धरावेत. तेव्हा सुट्टीवाले घरी असतात. एरवी गावात पेन्शनर भेटतात, आणि खरं सांगायचं तर ऐकायला तेच बरे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्यातलेही बरेच जण बँकेत किंवा कॅन्टीनच्या रांगेत असतात.

गावच्या स्मारकाशी ४६ हा आकडा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात गावचे एवढे जवान कामी आले असं इथे सांगितलं जातं. साताऱ्याच्या इतर काही गावांतही चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत त्या युद्धाचा छोटा संगमरवरी फलक दिसतो. गावातून किती माणसं लढायला गेली आणि किती परतली नाहीत, एवढाच त्यावर मजकूर. नावं नसतात. इथवर येऊन फोटो काढून परत जाणारे खूप आहेत. पण ही माणसं कुठे गेली हे शोधायचं असेल तर काम इथून सुरू होतं.

मराठ्यांच्या पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला, अन्न संपल्यावर, सैन्य शरण गेलं. कैदेत गेलेल्यांपैकी पुष्कळ जण वाळवंटातल्या पायपिटीत, आजारानं आणि उपासमारीनं गेले. त्यातल्या बहुतेकांना थडगी नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत आहेत आणि त्या इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

शोधताना लोक अडतात ते स्पेलिंगपाशी. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे एकच गाव चार प्रकारांनी सापडतं, आणि आडनाव तर पुष्कळदा नसतंच. स्वतःचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदलही झालेली असते. पलटणीचं नाव टाकताना 'मराठा'चं आजचं स्पेलिंग चालत नाही, तिथे 'एच' अक्षर 'एम-ए'च्या लगेच नंतर येतं आणि 'टी' दोनदा. आधी पलटण निवडावी, मग मृत्यूचं वर्ष, आणि मिळालेल्या यादीत बापाचं नाव आणि 'सातारा' हा शब्द डोळ्यांनी शोधावा. उलट दिशेनं गेलं तर हाती काही लागत नाही.

पलटणींचे आकडे १९२२ मध्ये बदलले, ही दुसरी गोम. १०३ ची झाली एक-पाच, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, १०५ ची दोन-पाच, ११० ची तीन-पाच, ११७ ची पाच-पाच. त्यामुळे पणजोबा '११०' मध्ये आणि आजोबा 'तीन-पाच'मध्ये होते असं घरात सांगत असतील तर ती एकच पलटण. स्वातंत्र्यानंतर हीच तीन-पाच पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. जुनी जंगी पलटण म्हणजे आजची पहिली मराठा, तिची उभारणी १७६८ ची. काळी पाचवीन म्हणजे दुसरी, ती १७६९ ची. गावात आकड्यापेक्षा ही टोपणनावंच चालतात. रेजिमेंटचं केंद्र मात्र १९२२ पासून बेळगावातच आहे. इथल्या बोलण्यात 'रेकॉर्डला लिहिलंय' म्हणजे बेळगावला लिहिलंय.

आता ट्रंक. जवळपास प्रत्येक घरात काळी लोखंडी पेटी असते, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. त्या नंबरातच अर्धी कहाणी आहे. शेवटचं इंग्रजी अक्षर हे नंबर चुकीचा लिहिला गेला तर पकडण्यासाठी असतं. ते गाळून अर्ज केला की तो परत येतो. माणूस नायब सुभेदार झाला की जुना नंबर जाऊन 'जेसी'नं सुरू होणारा नवा मिळतो. पेटीवर एक नंबर आणि पेन्शनच्या कागदावर दुसरा दिसला तर दोन माणसं समजू नयेत.

पत्रांच्या गठ्ठ्यात ठिकाण शोधू नये, सापडणार नाही. पत्ता '५६ एपीओ मार्फत' किंवा '९९ एपीओ मार्फत' एवढाच. एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. ९९ म्हणजे पूर्वेकडचा मुलुख, नागालँड, अरुणाचल वगैरे. ५६ म्हणजे बाकीचा, त्यात काश्मीरही आलं. घरच्यांना नवरा कुठे आहे हे आकड्यावरूनच ताडावं लागे.

पदकं वाचायची रीत वेगळी. छातीच्या मध्याकडचं पदक सर्वांत मानाचं, बाहेरच्या बाजूला जावं तसं साधं. शौर्यपदक असलंच तर ते पहिलं. त्यानंतर युद्धांची: १९६५ चं रक्षा पदक आणि प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्याला समर सेवा स्टार, १९७१ चं संग्राम पदक, सोबत पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. आजोबा बांगलादेशात होते की पंजाबच्या सीमेवर, याचा वाद पदकानंच मिटतो. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असते, तिच्यावर प्रदेशाचं नाव. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं वेगवेगळी. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदक १९७२ मध्ये नोकरीत असलेल्यांना मिळालं, ५० व्या वर्षाचं १९९७ मध्ये असलेल्यांना. पहिलं आहे आणि दुसरं नाही, म्हणजे माणूस मधल्या काळात पेन्शनीत आला. कागद एकही न उघडता एवढं कळतं.

नाव आणि नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला असतो, पहिल्या महायुद्धाच्या स्टारवर मात्र मागच्या बाजूला. त्याच युद्धाचं गोल ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं होतं, म्हणून दुष्काळाच्या वर्षी ते पहिल्यांदा सोनाराकडे जायचं. उरलं असेल तर त्याला पॉलिश लावू नये. दहा-वीस वेळा घासलं की कडेवरचं नाव पुसट होतं. फीत धुवू नये. नोकरी संपताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाचं लॅमिनेशन तर मुळीच करू नये. हौसेनं केलेलं असतं आणि पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही, घड्या सोडवता येत नाहीत, उष्णतेनं जुनी शाई उतरलेली असते. जाड पुठ्ठ्यात सुटं ठेवावं, झेरॉक्सचे दोन संच वेगळ्या घरात.

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा, प्रवासासाठी वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चानं तिकीट मिळवायचा कागद. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, आणि तिथे थांबणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, सातारा, पुणे, दिल्ली एकाच रुळावर जोडते. जम्मूकडे जाणारे पुण्याहून झेलम धरतात. या ९० दिवसांत पेरणी किंवा सुगी, बहिणीचं लग्न, घराची कौलं, मुलाची शाळा आणि स्वतःचं लग्नही बसवायचं असे. गावातल्या लग्नतिथी मे महिन्यात का दाटतात, त्याचं एक कारण सुट्टीचं पत्रक आहे. शेतीची बाकीची नऊ महिन्यांची जबाबदारी बाईवर. पूर्वी एकाच घरातला एक भाऊ पलटणीत, एक मुंबईच्या गिरणीत आणि एक रानात अशी वाटणी असायची. कमी पावसाच्या माण-खटावकडे तर मनिऑर्डर हेच वर्षाचं दुसरं पीक.

पेन्शनसाठी शिपायाची किमान १५ वर्षांची नोकरी लागते. विशीच्या आत भरती झालेला माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं शाळेत, आईबाप थकलेले, आणि गुडघे डोंगरावर गेलेले. पेन्शनचा जास्तीत जास्त निम्मा भाग विकून एकरकमी पैसे उचलता येतात, ती कपात १५ वर्षांनी थांबते. नवं घर त्याच पैशातून उठतं. माझं मत विचाराल तर सगळी रक्कम सिमेंटमध्ये घालणं ही इथली सर्वांत महाग सवय आहे, कारण पुढची १५ वर्षं महिन्याला हातात कमी येतं आणि नेमकी त्याच काळात मुलांची कॉलेजं असतात.

म्हणून दुसरी नोकरी. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा वर्दी चढवता येते, तिचं केंद्र केरळात कन्नूरला. ती पुरेशी वर्षं केली तर दुसरी पेन्शन. नाहीतर बँकेचा गार्ड, साखर कारखान्याचं गेट. पारावर बसलं की वन रँक वन पेन्शनचा विषय निघतोच. ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. त्याआधी सारख्याच हुद्द्यावर सारखीच वर्षं काढलेल्या दोन हवालदारांची पेन्शन, केवळ घरी येण्याचं साल वेगळं म्हणून, वेगळी असे.

सगळ्यांत जास्त गाडी अडते ती माणूस गेल्यावर. पेन्शनर वारला तर पत्नीला आधी वाढीव दरानं, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते सात वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर. मग ३० टक्के. लढाईत धारातीर्थी पडलेल्याच्या पत्नीसाठीचं उदारीकृत निवृत्तिवेतन वेगळं, ते शेवटच्या पगाराएवढं. नियम स्पष्ट आहेत, अडचण नावाची. भरतीच्या वेळी लग्न झालेलं नव्हतं; लग्नानंतर सुट्टीवरून परत गेल्यावर कंपनीच्या कारकुनाकडे नोंद द्यायची राहिली. किंवा नोंद माहेरच्या नावानं झाली आणि आधार सासरच्या नावानं. जन्मतारीख कुठे १ जून, कुठे नुसतं साल. पेन्शनच्या हुकमात पत्नीचं नाव नसेल किंवा वेगळं असेल तर बँक काही करू शकत नाही, आणि 'स्पर्श' या ऑनलाइन पद्धतीत तर अक्षराचा फरकही खटकतो.

उपाय तो जिवंत असतानाच करायचा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा हुकूम), आधार आणि बँक पासबुक ही चार कागदं शेजारी ठेवून पत्नीचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. फरक दिसला की प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, दुरुस्तीचा हुकूम मागायचा. पोच पावतीशिवाय कागद सोडू नये. पत्नीच्या हातात पीपीओची प्रत असावी आणि त्यावरचा नंबर तिला कुठे शोधायचा हे माहीत असावं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. बोटांचे ठसे उमटेनासे झालेल्या म्हाताऱ्यांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मोबाइलवर आहे, ती नातवंडांनी शिकून घ्यावी.

पाहुण्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. कागदांचे फोटो नंबरांसकट कुठेही टाकू नयेत, पेन्शनरांची फसवणूक याच नंबरांवरून होते. आणि 'किती मारले?' हा प्रश्न विचारू नये. 'कुठली पलटण, सुभेदारसाहेब?' एवढं विचारलं की संध्याकाळ होते.

परतताना साताऱ्यात सदरबझारला सैनिक स्कूलचं फाटक बाहेरून दिसतं. आत सहज सोडत नाहीत. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, २३ जून १९६१ चं. याच शाळेत शिकलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. आता या शाळेत मुलींनाही प्रवेश आहे.

पारावरच्या तरुण पोरांशी बोललं तर २०२२ च्या अग्निपथनंतरचा हिशेब वेगळा लागतो. चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम ठेवणार. बाकीचे सेवानिधीची साधारण पावणेबारा लाखांची रक्कम घेऊन परत. पीपीओ नाही, माजी सैनिकाची पेन्शन नाही. पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळणारी पोरं तरी कमी झालेली नाहीत, फक्त आता त्यांच्यातले बरेच जण सोबत पोलीस भरतीचाही फॉर्म भरतात.