तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फुलपाखराचं बारसं कधी?

लग्नात विचारतात, बसस्टॉपवर विचारतात, परवा तर एका दहाव्यालाही विचारलं. "आंबोलीला तुम्हाला नवी जात सापडली होती ना? नाव काय ठेवलंत?" पेपरातलं ते कात्रण माझ्यापेक्षा तुमच्याच जास्त लक्षात आहे. एकदाच लिहून टाकतो.

नाव ठेवलं नाही. ठेवायला जातच उरली नाही.

बुशब्राउन तुम्ही पाहिलेलं आहे. पायवाटेवरच्या पाचोळ्यातून उठतं, चार हातांवर जाऊन परत बसतं, तेच ते मातकट. फेब्रुवारीत दोन दिसली, पंखांच्या खालच्या बाजूला एकही डोळा, म्हणजे डोळ्यासारखा ठिपका, नसलेली. फोटो बघताच एक जाणते गृहस्थ म्हणाले, "कोरड्या ऋतूतलं रूप असेल." मला राग आला. पावसाळ्यात पिवळ्या कड्यांचे ठसठशीत डोळे, कोरड्या दिवसांत त्यांची नुसती टिंबं, हे मीच शिबिरांत पोरांना शिकवत होतो. मला कोण सांगणार? पण पंखाचं टोक जरा जास्त अणकुचीदार होतं, रंग जरा तांबूस होता. त्या दोन 'जरां'वर मी अख्खी जात उभी केली. आजीच्या नावाला लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लावून वहीत दहादा लिहून पाहिलं. पेपरवाल्याला फोन मीच केला होता, हेही आज सांगून टाकतो.

रीतसर परवानगी हातात येईपर्यंत मे उजाडला. एक मादी मिळाली, पंख फाटलेले, पण तीच, बिनडोळ्यांची. नामकरणाला आधारभूत नमुना लागतो. तो म्हणून हिला मारायचं ठरलं होतं. म्हटलं दोन दिवस थांबू. जाळीत गवताची कुंडी ठेवली. तिने सात अंडी घातली.

चार अळ्या जगल्या. डोक्यावर दोन शिंगं, मांजराच्या तोंडासारखी तोंडं, गवत खायच्या रात्री. मी उशाशी बॅटरी घेऊन झोपायचो. बायको म्हणाली, स्वतःच्या पोरांसाठी इतका उठला नव्हतात. खरं होतं. जुलैत, पाऊस कोसळत असताना, पहिला कोश फुटला. पंख वाळेपर्यंत मी समोर बसलो होतो. मग त्या नव्या मादीने ते मिटले आणि खालच्या बाजूचे सगळे डोळे एका ओळीत माझ्याकडे बघत होते. पिवळ्या कड्यांसकट. टोकही बोथट. उरलेली तिन्ही तशीच निघाली.

जवळच्या सगळ्या बुशब्राउनांशी ताडून पाहिलं. जुनीच, नेहमीची जात. पेपरवाल्याला मी दुसरा फोन केला नाही.

पुढे कित्येक वर्षं मी लिनियसच्या आड लपलो, सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालून देणारा तो. १७५८ साली त्याने एकाच फुलपाखराच्या नराला 'पॅमॉन' आणि मादीला 'पॉलिटीस' म्हणून दोन जाती केल्या. आपलं कॉमन मॉर्मन ते. त्याची मादी कधी नरासारखी, कधी चक्क दुसऱ्याच विषारी फुलपाखरासारखी. आणि हा सगळा खेळ 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकाचा, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. लिनियस चुकला तिथे माझी काय कथा, असं मी ऐकवायचो. पण तो स्वीडनमध्ये बसून वाळलेले नमुने बघत होता. मी जंगलात उभा होतो.

तरी एक म्हणतो. सह्याद्रीत अजूनही नवी फुलपाखरं सापडतात, आणि ती शोधणाऱ्यांनीही आधी अशाच कुठल्या तरी 'जरा'वर बोट ठेवलेलं असतं. फक्त त्यांनी फोन नंतर केला. की त्या वेळी मी अंड्यांची वाटच बघायला नको होती? नाही, हे लिहितानाच लाज वाटली. खोडत नाही.

यंदा फेब्रुवारीत आंबोलीला गेलो होतो. तशीच एक दिसली. टोक जरा अणकुचीदारच होतं.